लेकरू बालगृहात, आईबाप घरात

या सदरात आपण आजवर रक्तदाब, साखर, सांधेदुखी, लहान मुलांचे जुलाब अशा विषयांवर बोलत आलो. आजचा विषय काहींना आरोग्याचा वाटणार नाही. पण माझ्या दवाखान्यात तो डोकेदुखी, छातीतली धडधड आणि "डॉक्टर, झोपेची गोळी द्या" अशा रूपांनी येतो, म्हणून येथे घेतला आहे.

मूल घर सोडून पळाले, बापाच्या दारूपायी उपाशी राहू लागले, मारहाणीचे वळ अंगावर दिसले, भीक मागताना किंवा हॉटेलात कपबशा धुताना सापडले, की पोलीस, १०९८ या हेल्पलाइनची माणसे किंवा एखादा जागरूक शेजारी त्याला बालकल्याण समितीपुढे नेतो. कायद्याने प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यावे लागते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि त्यांना दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. चौकशी पुरी होईपर्यंत मुलाला बालगृहात ठेवण्याचा आदेश निघू शकतो. मग त्याचे जेवण, कपडे, शाळा, वैद्यकीय तपासणी यांची जबाबदारी तेथले लोक घेतात. त्याच संध्याकाळी एस.टी.ने घरी परत गेलेल्या आईचे काय होते, याची नोंद कोणत्याच फायलीत नसते.

मी मनोविकारांचा डॉक्टर. अशा आया, आणि थोडे बाप, माझ्याकडे बरीच वर्षे येत आहेत. त्यांची नावे-गावे येथे लिहीत नाही, काही तपशीलही बदलले आहेत. अशा मुलांची ओळख उघड करण्यास बालन्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने मनाई आहे. कलम नसते तरी मी लिहिले नसते.

न संपणारा वियोग

आपल्याकडे घरात मृत्यू झाला तर शेजारीपाजारी चूल पेटू देत नाहीत. भाकरी-पिठले येते, माणसे येऊन बसतात, दहावा-तेरावा होतो. दुःखाला एक रीत असते आणि त्या रीतीने ते हळूहळू उतरते. मूल बालगृहात गेले की यातले काहीच होत नाही. मूल जिवंत आहे, याच जिल्ह्यात आहे, तास-दीड तासाच्या अंतरावर आहे, तरी आणता येत नाही. घरी कोणी येत नाही. जे येतात ते विचारतात, "तू असं केलंस तरी काय?"

पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी अशा दुःखाचा फार बारकाईने अभ्यास केला आहे. माणूस आहे की गेला हे धड ठरत नाही, त्यामुळे दुःख पुढेही सरकत नाही आणि संपतही नाही. त्याला आपण मराठीत 'अधांतरी वियोग' म्हणू. युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरांत त्यांनी तो पाहिला. मी तो बाजारपेठेत भाजी विकणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर पाहतो. एका आईने मला सांगितले, "होळीला पोळी केली. त्याच्या वाटची ठेवली. तिसऱ्या दिवशी वास यायला लागला तेव्हा कुत्र्याला घातली." राखी पौर्णिमा, दिवाळी आणि जूनमध्ये शाळा उघडतात तो आठवडा, हे दिवस या घरांना सर्वांत जड जातात. त्या दिवसांत माझ्या बाहेरच्या बाकावर ही माणसे जास्त दिसतात.

शरीरावर परिणाम होतोच. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. जेवण जात नाही, आंबट ढेकर येतात, छातीत धडधडते, हातापायाला मुंग्या येतात. इ.सी.जी. काढला तर तो चांगला निघतो. बापांचे दुखणे निराळ्या वाटेने बाहेर पडते. आधी रात्री पिणारा सकाळीही पिऊ लागतो. काही जणांच्या मनात जीव देण्याचे विचार येतात आणि ते कोणाजवळ बोलत नाहीत. हा आजार आहे आणि त्यावर औषध आहे. ते मी देतो आणि त्याचा उपयोग होतो. पण 'मी मूल सांभाळू न शकलेली आई आहे' ही शरम गोळीने उतरत नाही. आणि ही शरम फार नुकसान करते. तिच्यापायी आई भेटीला जाणे टाळते, तारखेला जात नाही, पत्ता बदलला तर कळवत नाही. कागदावर त्याचा अर्थ एकच निघतो: पालकांना मुलात रस नाही.

"कितवी तारीख हाय?"

एका गुरुवारी बाहेरच्या बाकावर दोन बायका शेजारी बसल्या होत्या. एक भाजीवाली, तिचा नऊ वर्षांचा मुलगा दोनदा घरातून पळाला होता आणि दुसऱ्या वेळी रेल्वे स्टेशनवर सापडला होता. दुसरी एका शाळेत खिचडी शिजवते. तिच्या दोन मुली सात महिने बालगृहात राहून घरी परत आल्या होत्या. भाजीवालीच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी होती, पिशवीत समितीचा कागद. खिचडीवाल्या बाईंनी तो कागद ओळखला. पुढचे बोलणे मी दारातून ऐकले.

"कितवी तारीख हाय?"

"तिसरी."

"कागद काय काय मागितलेत?"

"कळलं नाही मला. मॅडम बोलत होत्या, मी नुसती मान हलवली."

"मीबी हलवली होती. पुढच्या येळी मी येते तुमच्या संगं."

आणि त्या खरोखर गेल्या. एस.टी.त बायकांना २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, त्यामुळे खर्च फार नव्हता, पण दिवसाची मजुरी बुडाली. आत समितीपुढे फक्त आईला बोलावले. या बाहेर व्हरांड्यात बसून राहिल्या. परतीच्या गाडीत त्यांनी आत काय काय बोलणे झाले ते एकेक करून काढून घेतले: रेशनकार्डाची प्रत, शाळेचा दाखला, राहत्या खोलीच्या मालकाचे पत्र. महिन्याने भाजीवाल्या बाई माझ्याकडे आल्या तेव्हा गोळी तीच होती, झोप मात्र दोन तासांवरून पाचवर गेली होती. यात गोळीचा वाटा किती आणि सोबतीचा किती हे मोजायला माझ्याकडे काटा नाही. उदासीनतेवरच्या गोळीला गुण यायला दोन-चार आठवडे लागतातच. पण डॉक्टर म्हणून माझा अंदाज विचाराल तर मी सोबतीचे पारडे जड धरीन.

तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी दुपारी तीन वाजता काही पालक एका शाळेच्या खोलीत बसतात. कधी सहा जण, कधी अकरा. या बैठकीला नाव नाही, पाटी नाही, वर्गणी नाही. चहाचे पैसे प्रत्येक जण आपले आपण देतो. मी सगळ्यांचा चहा पाजायला लागलो तर ते पुन्हा माझे पेशंट होतील. मी दाराजवळच्या बाकावर बसतो आणि बहुतेक वेळ गप्प असतो. येथे ऐकलेले बाहेर बोलायचे नाही, मुलाचे नाव घ्यायचे नाही, आणि त्या दिवशी पिऊन यायचे नाही, एवढे ठरलेले आहे.

मूल तोंड फिरवते तेव्हा

या बैठकीत सर्वांत जास्त वेळ ज्या गोष्टीवर जातो ती मला आधी सुचलीही नसती. ती म्हणजे भेटीचा दिवस.

आई पंधरा दिवस दिवस मोजते. लाडू करते, नवा शर्ट घेते. बालगृहात पोहोचते तर मूल कोपऱ्यात बसून राहते, जवळ येत नाही, तोंड फिरवते. एखादे फक्त लाडवाचा डबा घेऊन निघून जाते. आईच्या काळजाचे पाणी होते. ती परत येते आणि ठरवते, पोराला आपली ओढ राहिली नाही, तेथेच सुखात आहे, आता कशाला जा. पुढची भेट चुकते. मग त्याच्या पुढचीही.

वैद्यकशास्त्राला ही गोष्ट सत्तर वर्षे माहीत आहे. इंग्लंडमध्ये जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन यांनी आईपासून दूर, इस्पितळात ठेवलेल्या लहान मुलांचे निरीक्षण केले. १९५२ साली रॉबर्टसन यांनी त्यावर एक चित्रपटही काढला. त्यांना असे दिसले की मूल आधी आकांत करते, मग खचून गप्प होते आणि शेवटी अलिप्त होते. या तिसऱ्या पायरीवर ते शहाण्यासारखे जेवते, खेळते आणि आई आली की तिला ओळख दाखवत नाही. पाहणाऱ्याला वाटते, रुळले. प्रत्यक्षात ते पुन्हा दुखावले जाऊ नये म्हणून स्वतःला आवरून धरत असते. त्या काळी इस्पितळे आईला आठवड्यातून एखाद्या वेळी भेटू देत. पुढे भेटीचे नियम सैल झाले, त्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

हे सगळे मी एका आईला दवाखान्यात समजावून सांगितले होते. तिने मान हलवली. नंतर रविवारी खिचडीवाल्या बाईंनी तिला सांगितले, "माझी धाकटी दोन भेटी भिंतीकडं तोंड करून बसली. मी काय बोलले नाही. नुसती बसून राहिले, तिच्या फ्रॉकचं बटण शिवत. तिसऱ्या भेटीला आपणहून मांडीवर आली आन् मग असं रडली, असं रडली." ती आई पुढच्या भेटीला सुई-दोरा घेऊन गेली.

बोल्बींचा सिद्धांत त्या सुईतून गेला, माझ्या व्याख्यानातून गेला नव्हता. मला याचे वाईट वाटत नाही. ज्याच्या घरी ते घडले आहे, त्याच्या तोंडून ऐकलेले माणूस धरून ठेवते.

सोसलेल्याने सोसणाऱ्याला हात देण्याची पद्धत नवी नाही. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'ची सुरुवात १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांच्या भेटीतून झाली. पुण्याच्या मुक्तांगणने व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट चालवला. मुलांना मारणाऱ्या, त्यांच्यावर हात उचलण्याचा धाक स्वतःलाच वाटणाऱ्या आईबापांसाठी १९६९ साली कॅलिफोर्नियात 'पेरेंट्स ॲनॉनिमस' निघाली, तीही जॉली के. नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका आईच्या मागणीवरून. लिओनार्ड लीबर हे समाजकार्यकर्ते तिच्या पाठीशी होते. अमेरिकेतल्याच आयोवा राज्यात ज्यांची मुले एकदा सरकारने नेली आणि परत मिळाली, अशा पालकांना प्रशिक्षण व मानधन देऊन नव्या पालकांच्या सोबतीला दिले जाते. त्या कामाची पाहणी झाली तेव्हा असे आढळले की सोबत मिळालेल्या पालकांची मुले घरी परतण्याचे प्रमाण जास्त आहे. आपल्याकडे मानधन दूरच, निदान समितीच्या व्हरांड्यात एक बाक आणि पिण्याच्या पाण्याची टाकी असली तरी पुष्कळ, असे मला कधी कधी वाटते.

गोड बोलणेच नव्हे

कोणी म्हणेल, मुलांना मारणारे, दारू पिणारे एकत्र बसले तर एकमेकांची बाजूच घेतील. ही भीती मलाही होती. पण तसे घडत नाही. एक बाप आला होता. त्याच्या मुलीच्या पाठीवर पट्ट्याचे वळ होते. तो तासभर शिक्षिकेला, पोलिसांना, समितीला शिव्या देत होता. "माझी पोरगी, मी शिस्त लावली." मी काही बोललो असतो तर तो उठून गेला असता. दुसरा एक बाप, रिक्षा चालवणारा, त्याला एवढेच म्हणाला, "दादा, मीपण शिस्तच म्हणायचो. मला सांगा, तुम्ही त्या रात्री किती घेतली होती?" खोलीत शांतता झाली. तो उठला नाही. पुढच्या महिन्यात तो उपचारासाठी माझ्याकडे आला.

येथे दारूबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. समितीची तारीख आली म्हणून काही जण उत्साहाने दारू एकदम बंद करतात. रोज भरपूर पिणाऱ्याने असे केले तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, काहींना फिट येते, भ्रमही होतो. हे जिवावर बेतू शकते. शिवाय असा माणूस लटपटत समितीपुढे उभा राहिला की बघणाऱ्याला वाटते, आजही पिऊनच आला. दारू जरूर सोडा, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली, तारखेच्या बरेच दिवस आधी.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो. काही मुलांनी घरी परत जाऊ नये. घरातच लैंगिक अत्याचार झाला असेल, जिवाला धोका असेल, तर समितीने मुलाला दूर ठेवले हे योग्यच आहे. आमची बैठक समितीविरुद्धची युनियन नाही. मी पाहिलेले बहुतेक सदस्य तळमळीचे आहेत. त्यांच्यापुढे फायलींचा ढीग असतो आणि समोरची बाई नुसती मान हलवत असते.

गरिबीपायी गेलेली मुले

बैठकीला येणाऱ्यांत मारणारे थोडे, गरिबीने हरलेले जास्त. नवरा वारला, सासरने बाहेर काढले, ऊसतोडीला जायचे तर मूल कोठे ठेवायचे, अशा कारणांनी आईने स्वतःच मूल बालगृहात घालावे म्हणून अर्ज केलेला असतो. २०१५ चा बालन्याय कायदा सांगतो की मुलाला सांभाळण्याची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय. त्यासाठीच आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. आईबाप दोघे किंवा एक नसलेल्या, घटस्फोट, तुरुंगवास किंवा दुर्धर आजार यांमुळे अडचणीत आलेल्या घरातल्या मुलाला घरीच ठेवून त्याच्या संगोपनासाठी अनुदान मिळते. २०२३ पासून ही रक्कम महिना २,२५० रुपये आहे. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी. आदेश समितीच देते. माझ्या माहितीतल्या चार आयांना या योजनेची बातमी कार्यालयाकडून कळली नाही, दुसऱ्या आईकडून कळली. त्यातल्या दोघींची मुले आज घरी राहून शाळेत जातात.

असेच कायद्याचेही. समितीने सामाजिक चौकशी १५ दिवसांत पुरी करून घेऊन मूल प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश द्यावा, असे कायद्यात आहे. आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील करता येते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे आकडे बैठकीतल्या निरक्षर बायकांना तोंडपाठ आहेत.

मूल घरी आल्यावर

मूल परत आले की सगळे समजतात, झाले, संपले. पेढे वाटले जातात. महिन्याभरात आई पुन्हा माझ्याकडे: अंथरूण ओले करतो, उशीखाली भाकरी लपवतो, जरा बाहेर गेले की किंचाळतो, मुद्दाम भांडी फेकतो. लपवलेली भाकरी ही चोरी समजू नका. पुन्हा उपाशी राहण्याची भीती त्यात असते. डब्यात काही तरी नेहमी ठेवा आणि तो त्याच्या हाताला लागेल असा ठेवा. अंथरूण ओले केल्याबद्दल रागावू नका. काही आठवड्यांत थांबले नाही तर बालरोगतज्ज्ञाला दाखवा. भांडी फेकणे ही बहुतेक वेळा परीक्षा असते: असे वागलो तर पुन्हा पाठवून देतील का? बाहेर जाताना कधी परत येणार ते सांगून जा आणि त्या वेळेला या. भाजीवाल्या बाईंचा मुलगा आल्यावर पहिले दोन महिने त्या हातगाडीवर त्याला बरोबर घेऊन बसत. धंदा थोडा कमी झाला. आता तो शाळा सुटल्यावर आपणहून गाडीवर येतो आणि सुट्टे पैसे मोजतो.

या काळात बैठक सोडू नये, असा माझा आग्रह असतो. परतलेल्या मुलाची आई नव्या आईला जे देऊ शकते ते दुसरे कोणी देऊ शकत नाही, आणि देताना तिची स्वतःची मानही वर होते. खिचडीवाल्या बाईंची झोपेची गोळी त्या काळातच सुटली.

दुसऱ्या गावी अशी बैठक सुरू करायची असेल तर तीन पालक पुरेत. जागा सरकारी कार्यालयात नसावी, दवाखान्यातही नसावी. शाळा, वाचनालय, समाजमंदिर चालेल. बाजाराचा दिवस टाळावा. समितीला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवून ठेवावे म्हणजे गैरसमज होत नाहीत. बैठकीत कोणी जीव देण्याची भाषा केली तर त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. १४४१६ या 'टेलिमानस'च्या क्रमांकावर रात्रीसुद्धा मोफत बोलता येते आणि मराठीत बोलता येते. आमच्या बैठकीची चौकशी करायची असल्यास दवाखान्यात सकाळी दहा ते बारा या वेळेत कंपाउंडरकडे करावी. तेथे नाव विचारले जात नाही.